गदा, वजन आणि वाया गेलेली गुणवत्ता

खानदेशातील यात्रांमध्ये, मग त्या जळगाव-धुळ्याकडच्या असोत वा नंदुरबार-शहादा भागातील, कुस्त्यांच्या दंगलीचा एक क्रम ठरलेला असतो. दुपारी रेवड्या-नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या होतात, ऊन उतरू लागले की मधल्या जोडी लागतात आणि हलगीचा ठेका वाढत जाऊन अखेरीस मानाची कुस्ती होते. ही मानाची कुस्ती बहुधा वजनदार मल्लांची असते. इनामाची मोठी रक्कम त्यांच्यासाठीच राखलेली असते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रही त्यांचेच येते. काही वर्षे गेली की यांपैकी एखाद्या मल्लाचे नाव कानावर येईनासे होते. मग पारावर, एस.टी. स्टँडवर, तालमीच्या ओट्यावर एकच वाक्य ऐकू येते, 'फार पुढे गेला असता, पण वाया गेला.'

हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्यात किती गृहीतके दडलेली आहेत याचा विचार होत नाही. पुढे म्हणजे नेमके कोठे? त्या ठिकाणी पोहोचण्याची वाट होती का? आणि वाया गेले असेल तर ते कोणामुळे: मल्लाच्या स्वतःच्या वर्तनामुळे, शरीराच्या मर्यादेमुळे, की ज्या व्यवस्थेने त्याला घडवले तिच्यामुळे? महाराष्ट्राच्या वजनदार गटातील कुस्तीपुरते या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. तो केवळ क्रीडारसिकांच्या करमणुकीचा विषय नाही. आज चौदा-पंधरा वर्षांचा जो मुलगा तालमीत उतरतो, त्याने कोणत्या वजनात खेळावे, कशासाठी खेळावे, याचा निर्णय याच उत्तरावर अवलंबून आहे.

टायसनचे उदाहरण का आठवते?

'वाया गेलेला हेवीवेट' म्हटले की जगभर पहिले नाव निघते ते अमेरिकन मुष्टियोद्धा माइक टायसनचे. ब्रुकलिनच्या वस्तीतील हा मुलगा सुधारगृहात असताना कस डी'अमाटो या वृद्ध प्रशिक्षकाच्या दृष्टीस पडला. डी'अमाटो यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, कायदेशीर पालकत्व स्वीकारले आणि उंचीने कमी असलेल्या या मुलाला वेगाने आत शिरून ठोसे मारण्याचे तंत्र शिकविले. नोव्हेंबर १९८५ मध्ये डी'अमाटो निवर्तले. पुढच्याच वर्षी, २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत आडवा करून टायसन हेवीवेट गटाचा सर्वांत तरुण विश्वविजेता झाला. त्या वेळी त्याचे वय होते अवघे वीस वर्षे. जून १९८८ मध्ये तोवर अपराजित असलेल्या मायकेल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत संपविले.

पण इतक्या उंचीवरून त्याची घसरण लगेच सुरू झाली. त्याच वर्षी त्याने डी'अमाटो यांच्या परंपरेतील प्रशिक्षक केव्हिन रूनी यांना दूर केले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लस या फारसे कोणी विचारात न घेतलेल्या खेळाडूने त्याला दहाव्या फेरीत बाद केले. १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला आणि १९९५ पर्यंत तुरुंगात राहिला. बाहेर आल्यावर १९९६ मध्ये त्याने दोन किताब परत मिळविले खरे. परंतु त्याच वर्षी इव्हँडर होलिफील्डकडून तो हरला आणि १९९७ च्या परतीच्या लढतीत होलिफील्डच्या कानाचा चावा घेतल्याने अपात्र ठरला. २००२ मध्ये लेनॉक्स लुईसने त्याला आठव्या फेरीत पाडले, २००३ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली आणि २००५ मध्ये तो निवृत्त झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी जेक पॉलविरुद्ध तो पुन्हा रिंगणात उतरला आणि गुणांवर हरला.

या कहाणीवर दोन मते आहेत. पहिले मत असे, की रूनी बरोबर राहिले असते आणि शिस्त सुटली नसती, तर टायसन महंमद अलीच्या पंक्तीत बसला असता. दुसरे मत अधिक कोरडे आहे. टायसनचा खेळ पूर्णपणे वेगावर आणि प्रतिस्पर्ध्याच्या मनातील भीतीवर उभा होता. वयाच्या पंचविशीनंतर वेग थोडा जरी उतरला, तरी उंच आणि लांब हाताच्या, न घाबरणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे तो अडखळणारच होता. डग्लस, होलिफील्ड आणि लुईस हे तिघेही त्याच्याहून उंच होते, हा योगायोग नव्हे. अर्थात सत्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असावे. मात्र एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य आहे. टायसन जगातील सर्वोच्च शिखरावर पोहोचला होता. त्याला तेथवर नेणारी शिडी अस्तित्वात होती आणि तिची शेवटची पायरी कोणती, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे त्याच्या घसरणीचा हिशेब त्याच्या नावावर मांडता येतो.

आपल्या वजनदार मल्लांचा हिशेब मांडताना हीच गोष्ट प्रथम तपासावी लागते. आपली शिडी कोठपर्यंत जाते?

एके काळी वजनदार मल्लच पुढे होते

महाराष्ट्राचे वजनदार मल्ल आंतरराष्ट्रीय पातळीवर कधीच चमकले नाहीत, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत मारुती माने आणि गणपत आंदळकर या दोघांनी वजनदार गटांत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळविले. आंदळकर १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्येही खेळले. हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले, तर दादू चौगुले यांनी १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत हेवीवेट गटाचे रौप्यपदक आणले. हे सारे मातीत घडलेले मल्ल. त्या काळी आपल्याकडे गादी ही नवलाईची वस्तू होती.

मग नंतर काय घडले? जग बदलले, हे त्याचे साधे उत्तर. सोव्हिएत संघ, इराण, तुर्कस्तान, अमेरिका या देशांनी वजनदार गटाकडे शास्त्र म्हणून पाहिले. पूर्वी शंभर किलोच्या वरचा मल्ल म्हणजे ताकदीचा डोंगर, असे चित्र होते. आज १२५ किलो गटातील विजेता हलक्या गटातील मल्लासारखा हालचाल करतो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये या गटाचे सुवर्णपदक जिंकणारा तुर्कस्तानचा ताहा अकग्युल किंवा २०२० च्या टोकियो ऑलिम्पिकचा विजेता, अमेरिकेचा गेबल स्टीव्हसन यांच्या कुस्त्या पाहिल्या, तर एवढे वजन घेऊन इतक्या चपळाईने पट काढता येतो यावर विश्वास बसत नाही.

आपल्याकडे मात्र वजनदार मल्लाचे घडणे मातीच्या पद्धतीनेच चालू राहिले. दोहोंतील फरक समजून घेणे आवश्यक आहे. मातीतील निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चितपट करणे हे एकच उद्दिष्ट असते. त्यासाठी मल्ल वाट पाहू शकतो, समोरच्याला थकवू शकतो, मानेवर वजन टाकून बराच वेळ खडाखडी करू शकतो. ऑलिम्पिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. आक्रमण न करणाऱ्याला पंच ताकीद देतात आणि त्यानंतरही तो निष्क्रिय राहिला, तर प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. रिंगणाबाहेर पाय गेला तरी गुण जातो आणि दहा गुणांची आघाडी झाली, की कुस्ती तेथेच संपते. म्हणजे मातीत जो संयम गुण ठरतो, तोच गादीवर दोष ठरतो. पंचविशीपर्यंत एका पद्धतीने मुरलेले शरीर दुसऱ्या पद्धतीत आणणे अवघड असते. वजन जितके जास्त, तितके ते अधिक अवघड.

गदेचे आकर्षण

या टप्प्यावर महाराष्ट्र केसरी किताबाचा विचार करावा लागतो. १९६१ पासून सुरू झालेल्या या स्पर्धेने महाराष्ट्राची कुस्ती जिवंत ठेवली, हे निर्विवाद. राजाश्रय संपल्यानंतर तालमी ओस पडल्या असत्या, त्या या स्पर्धेमुळे भरलेल्या राहिल्या. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात अंतिम लढत होते आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर मामासाहेब मोहोळ यांच्या नावाची चांदीची गदा येते. कोल्हापूर-सांगलीपासून खानदेशापर्यंत एखाद्या कुटुंबात ही गदा आली, की पिढ्यान्‌पिढ्या त्या घराची ओळख बदलते.

परंतु ही गदा फक्त सर्वांत वरच्या, खुल्या गटासाठी आहे. खालच्या वजन गटांच्या स्पर्धाही त्याच मैदानात होतात, त्यांचे विजेतेही जाहीर होतात. पण त्यांची नावे दुसऱ्या दिवशी किती वाचकांना आठवतात? मान, इनाम, सत्कार, पुढाऱ्यांची उपस्थिती आणि बहुतेकदा नोकरीची आशा हे सारे एका गटाभोवती गोळा झालेले असते. साहजिकच ६५ वा ७० किलोचा गुणी मल्लही वजन वाढवून वर जाण्याचे स्वप्न पाहू लागतो.

आता दुसऱ्या बाजूचे आकडे पाहू. खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळविले, ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात. त्यानंतर भारतीय पुरुष मल्लांनी मिळविलेली पदके अशी: सुशीलकुमार २००८ आणि २०१२ मध्ये ६६ किलो, योगेश्वर दत्त २०१२ मध्ये ६० किलो, रवी दहिया २०२० च्या स्पर्धेत ५७ किलो, बजरंग पुनिया त्याच स्पर्धेत ६५ किलो आणि अमन सेहरावत २०२४ मध्ये ५७ किलो. एकही पदक ६६ किलोच्या वर नाही. भारताच्या बहात्तर वर्षांच्या ऑलिम्पिक कुस्तीचा हा स्पष्ट कौल आहे. महाराष्ट्राने मात्र आपला सर्वोच्च सन्मान याच्या नेमक्या उलट टोकाला ठेवला आहे.

दोन त्रिवार विजेते

सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी होण्याचा मान प्रथम नरसिंग यादव याने मिळविला. २०११ मध्ये अकलूज, २०१२ मध्ये गोंदिया आणि २०१३ मध्ये भोसरी. त्यापाठोपाठ विजय चौधरी याने २०१४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरला, २०१५ मध्ये नागपूरला आणि २०१६ मध्ये पुण्यातील वारजे येथे तोच पराक्रम केला. विजय हा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा, म्हणजे खानदेशचा. ज्या भागात गदा क्वचितच आली, तेथे ती तीनदा आली, याचा आनंद साऱ्या खानदेशाने साजरा केला होता.

या दोघांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. नरसिंगचे वैशिष्ट्य असे, की गदा जिंकणारा हा मल्ल आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ७४ किलो गटात खेळत होता. २०१० मध्ये आशियाई स्पर्धेत आणि दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदके मिळविली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्याच लढतीत हरला. पण २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून त्याने रिओसाठी देशाला स्थान मिळवून दिले. त्यानंतरचे प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेल. सुशीलकुमारने चाचणी लढतीची मागणी केली, वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने ती मागणी फेटाळली. पाठोपाठ नरसिंगच्या उत्तेजक द्रव्य चाचणीचा निकाल सदोष आला. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी भेसळ केली, असे त्याचे म्हणणे होते आणि राष्ट्रीय संस्थेने ते मान्यही केले. परंतु १८ ऑगस्ट २०१६ रोजी, त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने भेसळीचा पुरावा अपुरा ठरवून त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. बंदी संपल्यावर तो परतला. २०२१ च्या आशियाई स्पर्धेत त्याने कांस्यपदकही मिळविले. पण ते ७९ किलो गटात, जो ऑलिम्पिकमध्ये नाही. सत्तावीस ते एकतीस या वयातील वर्षे मल्लाला कोणी परत देत नाही.

विजय चौधरीची कहाणी शांत आहे. त्याच्या कारकिर्दीवर असा कोणताही डाग नाही. राज्य शासनाने त्याला पोलीस दलात उपअधीक्षक म्हणून नेमले आणि २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले. हे यश लहान नव्हे. तरीही ज्या वर्षांत त्याच्या शरीरात सर्वाधिक ताकद होती, ती वर्षे तीन गदांमध्ये संपली आणि ऑलिम्पिकच्या गादीवर त्याचे पाऊल पडले नाही. याला घसरण म्हणावे का? माझ्या मते नाही. समोर ठेवलेले सर्वांत मोठे बक्षीस त्याने तीनदा जिंकले. त्यापुढे जाण्याची पायरीच नव्हती, तर ती चढला नाही असा दोष त्याला कसा देता येईल?

म्हणून 'वाया गेला' हा शब्द दोघांनाही नीट लागू पडत नाही. एकाची वाट मध्येच तुटली आणि ती का तुटली यावर लवादाचा निर्णय झालेला आहे. दुसऱ्याची वाट शिखरावरच संपली. फक्त ते शिखर राज्याचे होते, जगाचे नव्हते.

गदा न मिळालेला मल्ल

या चर्चेत एक तिसरे नाव घेतल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे महाराष्ट्र केसरी कधीच झाला नाही; त्याच्या वजनाच्या मल्लासाठी ती गदा नव्हतीच. पण २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचे कांस्यपदक त्याच्या नावावर आहे. चालू शतकातील महाराष्ट्राच्या सर्वांत यशस्वी मल्लांपैकी हा एक आणि तो हलक्या वजनाचा. त्याला घडविण्यात मोठा वाटा होता पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकविणाऱ्या हरिश्चंद्र बिराजदार यांचा, म्हणजे स्वतः मोठ्या अंगाच्या मल्लांच्या पिढीतील एका वस्तादाचा.

येथे मुष्टियुद्धातील एक समांतर उदाहरण आठवते. हरयाणाचे हवा सिंग हे भारताचे थोर हेवीवेट मुष्टियोद्धे. ते सलग अकरा वर्षे राष्ट्रीय विजेते होते आणि १९६६ व १९७० च्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनी लागोपाठ सुवर्णपदके मिळविली. ऑलिम्पिक मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. 'फार पुढे गेला असता' हे वाक्य त्यांच्याबद्दलही म्हणता आले असते. परंतु सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते भिवानीला परतले, मुलांना शिकवू लागले आणि त्या गावाच्या मुष्टियुद्ध परंपरेचा पाया त्यांनी घातला. ऑगस्ट २००० मध्ये, द्रोणाचार्य पुरस्कार स्वीकारण्याच्या काही दिवस आधी, त्यांचे निधन झाले. २००८ मध्ये भारताला मुष्टियुद्धातील पहिले ऑलिम्पिक पदक मिळाले, ते भिवानीच्या विजेंदरसिंगने ७५ किलो गटात मिळविलेले. एका हेवीवेटची हुकलेली संधी मधल्या वजनाच्या पुढच्या पिढीने भरून काढली.

मल्लाचा दोष नाहीच का?

वरील विवेचनावर आक्षेप घेता येईल, की सारा दोष व्यवस्थेवर टाकून मल्लाला मोकळे सोडणे योग्य नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. दंगलींच्या हंगामात इनामामागे गावोगाव फिरणारा, आज येथे तर उद्या तेथे लढणारा मल्ल सरावाची लय गमावतो. दुखावलेला गुडघा बरा होण्याआधी मैदानात उतरतो. आधी ठरवून केलेली नुरा कुस्ती हा तर आपल्या मैदानांना लागलेला जुना रोग आहे. झटपट शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी औषधे हा नवा रोग आहे आणि तो केवळ महाराष्ट्रापुरता नाही. टोकियो ऑलिम्पिकसाठी १२५ किलो गटात पात्र ठरलेला हरयाणाचा सुमित मलिक याच्यावरही २०२१ मध्ये चाचणीतील दोषामुळे बंदी आली. या बाबतीत व्यक्तीची जबाबदारी टळत नाही.

परंतु मल्ल असे का वागतो, हेही पाहिले पाहिजे. वजनदार मल्लाचा खुराक हा त्याच्या घरावरचा सर्वांत मोठा खर्च असतो. दूध, तूप, बदाम, मांस, अंडी यांचा रोजचा हिशेब शेतकरी कुटुंबाला पेलणारा नसतो. शेती विकून वा कर्ज काढून मुलाला तालमीत ठेवणारे बाप महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. अशा घरातील मल्लाला इनाम हा मोह नसून खुराकाची सोय असते आणि गदा ही नोकरीची एकमेव आशा असते. एका लढतीवर एवढे सारे टांगलेले असेल, तर काय घडते ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला दिसले. पंचांच्या निर्णयावरून मैदानात गोंधळ झाला आणि दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. त्याआधी २०२३ मध्ये संघटनांच्या भांडणातून एकाच महिन्यात धाराशिव आणि पुण्याजवळील फुलगाव येथे दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरल्या होत्या. किताबच दोन झाले, तर मल्लाने नेमके काय गाठायचे?

नंदुरबारसाठी याचा अर्थ

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. आदिवासी बहुसंख्येचा हा जिल्हा. अक्कलकुवा आणि अक्राणी या सातपुड्यातील तालुक्यांतील कुपोषण हा शासनाच्या काळजीचा जुना विषय आहे. ज्या घरात मुलाच्या ताटात पुरेसे दूध-डाळ पोहोचत नाही, त्या घराला १२५ किलोच्या मल्लाचे स्वप्न दाखविणे ही एक प्रकारची क्रूर थट्टा आहे. पुण्या-कोल्हापूरच्या तालमी येथून शेकडो किलोमीटर दूर आणि तेथील मासिक खर्च त्याहून दूर.

पण याच जिल्ह्यातील मुलाचे अंग काटक असते. डोंगर चढउताराने त्याचा दम तयार झालेला असतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत राष्ट्रीय पातळीवर नाव कमावणारा किसन तडवी याच जिल्ह्यातला. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक जिंकून गेली. ५७ किंवा ६५ किलोच्या कुस्तीला आणि मुष्टियुद्धातील हलक्या गटांना नेमकी हीच शरीरयष्टी लागते. आपल्याकडे गुणवत्तेची वानवा नाही. आपण ती मोजायला उभे राहतो, तो काटाच चुकीचा आहे.

करण्यासारखे काय, याचे उत्तर फार खर्चिक नाही. राज्याच्या स्पर्धेत ५७, ६५ आणि ७४ किलोच्या विजेत्यांना खुल्या गटाच्या तोडीचे इनाम आणि नोकरीत तितकाच विचार, हे पहिले पाऊल. तालुक्याच्या ठिकाणी एक गादी, एक प्रशिक्षित मार्गदर्शक आणि वजनकाटा, हे दुसरे. चौदाव्या वर्षापर्यंत मुलाला माती आणि गादी या दोन्हींची सवय लावावी, म्हणजे पुढे एक सोडून दुसरी शिकण्याची वेळ येत नाही. यात्रा समित्यांनाही एक गोष्ट सहज करता येईल. मानाच्या कुस्तीची रक्कम थोडी कमी करून हलक्या गटात एक चांगली जोड लावावी आणि ती संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी लावावी. आणि निवृत्त झालेल्या वजनदार मल्लाला केवळ सत्काराच्या व्यासपीठावर न बसवता तालमीत बसवावे. हवा सिंग आणि बिराजदार यांनी काय केले, ते समोर आहेच.

वजनदार गट बंद करावा वा गदेचा मान कमी करावा, असा याचा अर्थ नव्हे. ती गदा महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची आहे आणि राहील. जो मुलगा खरोखरच मोठ्या हाडाचा आहे, त्याने वर जावेच. त्याला मात्र लहान वयापासून गादी, चपळाई आणि आंतरराष्ट्रीय सराव मिळाला पाहिजे. बाकीच्यांना वजन वाढविण्याची सक्ती परिस्थितीने करू नये, एवढेच मागणे आहे.

खाशाबांच्या पदकानंतर महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे लागली आणि ते २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने मिळविले, कुस्तीत नव्हे, तर नेमबाजीत. मधल्या काळात आपल्या तालमींत किती ५७ किलोचे मल्ल खुराक वाढवून ९० किलोचे झाले आणि मग 'वाया गेले', याची नोंद कोणी ठेवलेली नाही. निदान यापुढे यात्रेतील दुपारच्या कुस्त्यांत एखादा सडसडीत पोरगा दोन मिनिटांत पट काढून समोरच्याला चितपट करताना दिसला, तर त्याला वजन वाढविण्याचा सल्ला देण्याआधी आपण क्षणभर थांबावे. तो आहे त्याच वजनात पुढे जाऊ शकतो.